ताईसाठी हाताने शिवलेली चामड्याची बॅग

ताईने पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोकरी धरली आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्या बॅगेचा पट्टा मुळाशी उसवला. ती बॅग मी सहज हातात घेऊन पाहिली. चामडे कुठेही फाटलेले नव्हते आणि बक्कलही शाबूत होते, पण पट्ट्याच्या मुळाशी दोऱ्याचा एक टाका तुटला होता आणि त्याच्या मागोमाग दोन बोटे लांबीची सगळी टीप सुटत गेली होती. मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि खालचा दोरा चामड्याच्या जाडीत एकमेकांना अडकवलेले असतात, त्यामुळे एक जागा तुटली की शेजारच्या टाक्यांची पकड सैल होते आणि ओढ पडेल तशी शिवण उसवत जाते. नव्या नोकरीसाठी ताईला काहीतरी द्यायचे माझ्या मनात होतेच. त्या उसवलेल्या टिपेकडे पाहताना ठरले की तिला हाताने शिवलेली बॅग द्यायची. त्याआधी मी चामड्याची दोन पाकिटे आणि एक कमरेचा पट्टा एवढेच केले होते. बॅग हे त्याहून फार मोठे काम आहे याची कल्पना होती, ते किती मोठे आहे याची मात्र नव्हती.

पहिले दोन आठवडे मी चामड्याला हातही लावला नाही. ताई रोज काय काय बरोबर नेते ते तिला कळू न देता पाहून ठेवले. आडव्या कागदांची एक पातळ फाईल, चष्म्याची कडक डबी, पाण्याची लहान बाटली, घडीची छत्री, किल्ल्या आणि फोन एवढे सामान निघाले. फाईल सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद होती, म्हणून बॅगेची रुंदी ३४ आणि उंची २४ सेंटिमीटर धरून मी जाड पुठ्ठ्याची नकली बॅग चिकटवून तयार केली आणि तिच्यात तसेच सामान भरून पाहिले. तेव्हा एक गोष्ट समजली, जी कागदावर रेघा मारून कधीच कळली नसती. बॅगेचे खालचे कोपरे गोल ठेवले की चौकोनी फाईल तळाला टेकत नाही. तिचे कोपरे गोलाईवर अडतात आणि फाईल बोटभर वरच राहते. उंची दोन सेंटिमीटरने वाढवून २६ केली तेव्हा झाकण नीट बसले. कोपरे सरळच ठेवावेत असेही एकदा वाटून गेले, पण सरळ कोपऱ्यावर चामडे दुमडताना तिथे गठ्ठा होतो आणि घासून पहिली झीजही तिथेच होते. शिवाय ताई बॅग टेबलावर ठेवत नाही, ती खाली जमिनीवर टेकवते. गोल कोपराच तिच्या सवयीला योग्य होता.

चामडे निवडताना मी वनस्पतींच्या साली वापरून कमावलेले चामडे घ्यायचे ठरवले. बाभूळ, ओक, चेस्टनट अशा झाडांच्या सालींत आणि लाकडांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते, आणि ते कातड्यातल्या कोलाजेन या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट धरून ठेवते. जुन्या पद्धतीने हौदात कमावताना या कामाला आठवडेच्या आठवडे, कधी महिने लागतात. एकोणिसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत आली आणि तेच काम तासांवर आले. क्रोमने कमावलेले चामडे मऊ असते, पाण्याला चांगले टिकते आणि त्यात वाईट काही नाही, पण त्याच्या कापलेल्या कडा घोटून चकचकीत करता येत नाहीत, आणि ओले करून त्याला दिलेला बाकही राहत नाही. मला कडा उघड्या ठेवायच्या होत्या, घोटायच्या होत्या. शिवाय सालीने कमावलेले चामडे उजेडाने आणि हाताच्या स्पर्शाने हळूहळू गडद होत जाते, आणि ही बॅग ताईच्या हाताने रंग धरेल हा विचार मला फार आवडला होता.

एका कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांचे चामडे घट्ट आणि एकसारखे असते, मानेकडे सुरकुत्या असतात, आणि पोटाकडचे चामडे सैल, ओढले की ताणले जाणारे असते. पट्टा मी कण्याला समांतर कापला, कारण त्या दिशेने चामडे सर्वांत कमी ताणते. बॅगेचे अंग दोन मिलिमीटर जाडीचे, पट्टा तीन मिलिमीटरचा आणि आतला खिसा एक मिलिमीटरचा ठेवला. आतून अस्तर लावावे की नाही यावर बराच विचार केला. पुठ्ठ्यावरून हिशेब केला तेव्हा नुसत्या चामड्याचेच वजन पाऊण किलो होत होते, आणि ते काहीही न भरता तिच्या खांद्यावर यायचे होते. अस्तर रद्द केले आणि चामड्याची मागची खरखरीत बाजू पाण्याने ओलसर करून काचेच्या गुळगुळीत तुकड्याने घोटून बसवली, म्हणजे कागदांना तंतू चिकटणार नाहीत.

कापणी मी रापीने, म्हणजे चामडे कापायच्या सुरीने केली. रापीला धार असली तर कापणी सुखाची होते, आणि धार नसली तर कितीही जपून हात चालवला तरी चामडे पात्यापुढे सरकते आणि कड वाकडी जाते. मी दर दोन-तीन कापांनंतर धार लावत होते, आणि त्याच धारेपायी एक नुकसान झाले. पाठीचा भाग आणि झाकण हे मी एकाच सलग तुकड्यात कापले होते. झाकण जिथे वळते तिथे चामडे ओले करून त्याला बाक द्यायचा होता. ज्या टेबलावर मी रापीला धार लावली होती, तिथेच तो ओला तुकडा ठेवला. थोड्या वेळाने उचलून पाहते तर पाठीच्या बाजूला शाईचे शिंतोडे उडावेत तसे सात-आठ काळे ठिपके. धार लावताना उडालेला लोखंडाचा कीस टेबलावर राहिला होता, आणि लोखंड आणि टॅनिन पाण्यात एकत्र आले की काळा रंग धरतो. लोखंड टॅनिनला काळे करते म्हणून मी बक्कल आणि कड्या मुद्दाम पितळेच्या आणल्या होत्या, आणि कीस मात्र डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता. लिंबाचा रस पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने ठिपक्यांवर टेकवला तेव्हा बहुतेक ठिपके फिके पडले. नंतर पाण्याच्या डागाची कड उमटू नये म्हणून संपूर्ण तुकडा स्वच्छ पाण्याने सारखा ओला करून सावलीत वाळवला. दोन ठिपके तरीही राहिले. ते घालवण्यासाठी आणखी घासले असते तर वरचा गुळगुळीत पापुद्राच निघाला असता, म्हणून तिथेच थांबले.

त्यापुढचे काम अशा क्रमाने करावे लागते की बॅग बंद झाल्यावर जिथे हात पोहोचणार नाही, तिथले सगळे आधी उरकलेले असेल. खिसा, झाकणाचे बक्कल, तोंडाच्या कडा आणि पट्ट्याच्या कड्या हे सगळे भाग सुटे असतानाच शिवून झाले. दोन्ही बाजू आणि तळ यांवरून सलग जाणारी बाजूची पट्टी बारा सेंटिमीटर रुंद होती. तिच्या दोन्ही कडा एकेक सेंटिमीटर बाहेर वळवल्या, आणि त्या वळवलेल्या कडा पुढच्या व मागच्या भागांना जोडायच्या होत्या. पट्टी जिथे दुमडते तिथे मागच्या बाजूने चामडे तासून निम्म्या जाडीचे केले. पट्ट्याच्या पितळी कड्या या पट्टीच्या दोन्ही टोकांना बसवून, शिवून आणि रिव्हेट मारून पक्क्या केल्या.

शिवणीची रेघ मी कर्कटकाने काढली. एक टोक चामड्याच्या कडेला टेकवून दुसरे टोक आत चार मिलिमीटरवर ओढत नेले की कडेला समांतर बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर दातेरी छिन्नी ठेवून हातोडीने ठोकायची. छिन्नीचे दात चार-चार मिलिमीटर अंतरावर होते. पुढच्या वेळी छिन्नी ठेवताना तिचा पहिला दात आधीच्या शेवटच्या खुणेत बसवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. मी पुढच्या भागावर खुणा केल्या, पट्टीवरही केल्या, आणि शिवायला बसले.

दोऱ्याला दोन सुया, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. ही शिवण खोगीर आणि घोड्यांचा साज शिवणाऱ्यांची, म्हणून तिला सॅडल स्टिच म्हणतात. पॅरिसमध्ये १८३७ साली सुरू झालेली एर्मेस ही पेढी आज बॅगांसाठी ओळखली जाते, पण तिची सुरुवात घोड्यांच्या साजापासून झाली, आणि साजाचा हाच टाका पुढे बॅगांवर आला. लगाम किंवा खोगिराचा पट्टा तुटला तर माणसाच्या जिवावर बेतते. त्या कामातून आलेल्या टाक्यावर माझा भरवसा बसला तो याच कारणाने.

काम लाकडी चिमट्यात धरून चिमटा दोन्ही गुडघ्यांत दाबायचा. लिननचा दोरा मधमाशांच्या मेणावरून तीनदा ओढून घ्यायचा. मेणामुळे तो तंतू सोडत नाही आणि छिद्रात घट्ट बसतो. उजव्या हाताच्या मुठीत आरी, म्हणजे छिद्र पाडायचा टोच्या, कायम धरलेली असते आणि त्याच हाताच्या अंगठ्यात व तर्जनीत सुई असते. आरीचे टोक गोल नसते, त्याचा छेद पतंगासारखा चौकटीचा असतो. त्याने पडणारे छिद्र तिरपी चीर असते आणि चामडे तिथे दोऱ्याभोवती पुन्हा मिटते. आरीने छिद्र पाडले की आधी डावी सुई घालायची, ती उजवीकडे आली की उजव्या सुईच्या वर आडवी धरून दोन्ही एकदम ओढायच्या. डाव्या सुईचा दोरा छिद्रात एका कोपऱ्याला ओढून धरायचा आणि उरलेल्या जागेतून उजवी सुई परत पाठवायची. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यातून आरपार गेली तर टाका बाहेरून दिसायला ठीक दिसतो, पण आत दोऱ्याचे तंतू चिरलेले असतात आणि पुढे तो टाका ओढता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सुई अर्धी घातल्यावर आतला दोरा थोडा मागे-पुढे ओढून बघायचा. दोरा मोकळा सरकला तर ठीक, अडला तर सुई परत घ्यायची. शेवटी दोन्ही हात सारख्या जोराने बाहेर ओढायचे, डावा किंचित खाली आणि उजवा किंचित वर. हा क्रम एकाही टाक्याला बदलला तर त्या टाक्याचा तिरपा कल बदलतो आणि ओळीत तो एकटाच उभा दिसतो.

सुरुवातीला एका टाक्याला मिनिटभर लागे. चाळीस-पन्नास टाक्यांनंतर हाताला क्रम कळतो आणि मन मोकळे होते. ताईबद्दल मी जेवढा विचार या संध्याकाळी केला, तेवढा गेल्या कित्येक वर्षांत केला नसेल.

मी पट्टीच्या वरच्या एका टोकापासून सुरुवात करून छिद्राला छिद्र जुळवत पुढच्या भागाची सगळी बाजू शिवत आणली. डावी बाजू, तळ, उजवी बाजू. शेवटच्या टोकाला आले तेव्हा पुढच्या भागाची छिद्रे संपली होती आणि पट्टीवर तीन छिद्रे उरली होती. पट्टीचे टोक बारा मिलिमीटर वर आले होते. साधी पट्टी असती तर जास्तीचा भाग कापून टाकला असता, पण तिच्या टोकांना कड्या आधीच पक्क्या केल्या होत्या. तात्पुरता पट्टा अडकवून बॅग टांगून पाहिली, तर एक खांदा वर आणि एक खाली.

चूक शोधायला एक रात्र गेली. पट्टीची लांबी मी पुढच्या भागाच्या बाहेरच्या कडेवरून मोजली होती. ती कड गोल कोपरे धरून साडेब्याऐंशी सेंटिमीटर भरते आणि तिच्यावर चार मिलिमीटरला एक याप्रमाणे २०६ छिद्रे बसतात. पण शिवण कडेवर नसते, ती चार मिलिमीटर आत असते, आणि आतल्या रेघेची लांबी सव्वाएक्याऐंशी सेंटिमीटर भरते, म्हणजे २०३ छिद्रे. एवढा साधा हिशेब मी धरला नव्हता. शिवणीच्या रेघेवर दोरा ठेवून तो मोजला असता तरी पुरेसे होते.

तसेच द्यावे, बारा मिलिमीटर कोणाला दिसतात, असा विचार मनात आला नाही असे नाही. पण पट्ट्याची ओढ एका बाजूला जास्त पडली असती आणि त्याच बाजूचे मूळ आधी थकले असते. जुन्या बॅगेचे जे झाले ते माझ्या हाताने पुन्हा व्हायला नको होते. शिवण उसवायला घेतली तेव्हा सॅडल स्टिचची ताकद उलट्या बाजूने कळली. यात एकच दोरा प्रत्येक छिद्रातून दोन्हीकडून गेलेला असतो, त्यामुळे एक टाका कापला तर बाकीचे जागचे हलत नाहीत. मला प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी वेगळा कापून चिमट्याने ओढून काढावा लागला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पट्टीवर छिद्रे पडलेली असल्याने ती पुन्हा वापरता येत नव्हती. नवी पट्टी कापली, तिच्या कडा पुन्हा तासल्या, ओल्या करून वळवल्या आणि वाळल्यावर तिच्यावर तळाच्या मध्यापासून दोन्हीकडे मोजून २०३ छिद्रे पाडली. कड्यांनाही नवे रिव्हेट घातले.

दुसऱ्या वेळी मी शिवायला सुरुवातही मध्यापासूनच केली. शिवणीच्या चौपट दोरा लागतो असा अंदाज धरतात. सगळ्या बाजूचा दोरा एकदम घेतला असता तर तो सव्वातीन मीटर झाला असता आणि प्रत्येक टाक्याला हात ओढून ओढून थकले असते. शिवाय तेवढा दोरा छिद्रांतून दोनशे वेळा घासून झिजतो. म्हणून अर्ध्या बाजूसाठी पावणेदोन मीटरचा दोरा घेतला आणि वर पोहोचल्यावर तीन टाके मागे येऊन शेवट बंद केला. पाठीचा भागही तसाच जोडला. शिवण झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ती हलकेच ठोकून घेतली, म्हणजे दोरा चामड्यात बसतो आणि छिद्रे मिटतात.

कडा घोटायचे काम मला सर्वांत जास्त आवडते. एकावर एक जोडलेले थर आधी बारीक पॉलिश पेपरने एकसारखे करायचे, धारदार कोपरे काढून कड गोल करायची, थोडे पाणी लावून जाड सुती कापडाने जोराने आणि भराभर घासायची. घर्षणाने उष्णता येते, तंतू दबतात आणि थोड्या वेळात दोन थरांमधली रेघ दिसेनाशी होते. मग मेण लावून पुन्हा घोटायची. हाताची बोटे दुखतात, पण कडेवर बोट फिरवल्यावर ते कुठेही अडत नाही तेव्हा दुखणे लक्षात राहत नाही. शेवटी सगळ्या अंगाला अगदी पातळ तेल कापडाने लावले आणि एक रात्र तशीच ठेवली. तेल जास्त झाले तर चामडे लुळे पडते, याचा अनुभव मला कमरेच्या पट्ट्याच्या वेळी आला होता.

अडीच महिन्यांनी बॅग ताईच्या हातात दिली. तिने झाकण उघडले नाही, आत पाहिले नाही. आधी पट्ट्याच्या मुळाशी दोन्ही हातांनी धरून जोराने ओढून पाहिले. "हे तू शिवलंस?" एवढेच तिने विचारले. मी तिला तीन छिद्रांची गोष्ट सांगितली आणि पाठीवरचे दोन ठिपकेही दाखवले. ठिपक्यांवरून तिने अंगठा फिरवला, म्हणाली, "असू देत, ही बाजू माझ्याकडेच असणार." मग जुन्या बॅगेतले सामान एकेक करून नव्या बॅगेत ठेवले. फाईल आत गेली, झाकण बसले. चष्म्याच्या डबीसाठी केलेल्या खिशात तिने फोन ठेवला, आणि तो तिथेच जास्त चांगला बसतो हे मलाही पाहताक्षणी पटले.

दोन महिन्यांनंतर तिने सांगितले की बॅग छान आहे, सगळे विचारतात, पण भरल्यावर पट्टा खांद्याला थोडा रुततो. पाऊण किलोचा हिशेब मी केला होता आणि तरीही पट्टा अडीच सेंटिमीटरच रुंद ठेवला होता. आता खांद्यावर येणाऱ्या भागासाठी सहा सेंटिमीटर रुंदीची, आतून मऊ चामड्याची एक गादी कापून ठेवली आहे. शिवणीच्या रेघेवर दोरा ठेवून मोजला आहे आणि दोन्ही थरांवर मध्यापासून खुणा केल्या आहेत. या आठवड्यात शिवायला घेईन.